हुमाचा चौथा तुकडा

रेवस,
१२ जानेवारी १९३६

प्रिय समद,

तुझी ईदची साडी यूनुसनं आणून दिली. हिरवी आहे, काठ नाजूक आहे, आणि कापडाला बोट लावलं की कळतं, स्वस्तातली नाही. दर ईदला वाटतं, यंदा तरी यानं पाठवू नये, आणि दर ईदला तू पाठवतोस. आता पाच झाल्या. एकीचीही घडी मी मोडलेली नाही. थांब, लगेच नाक फुगवू नकोस, आवडल्या नाहीत म्हणून नव्हे. का नेसले नाही तेच सांगायला बसले आहे, पण सरळ सांगायला जीभ वळत नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं लिहू दे. तुझी आपा बोलघेवडी आहे हे तुला ठाऊकच आहे. मला चौथीपर्यंत शाळेत घातलं ही अब्बांची चूक, नाहीतर एवढा कागद खराब झाला नसता.

आपल्या गल्लीतला यूनुस मुंबईत भाऊच्या धक्क्यावर कामाला लागल्यापासून तिकडची बातमी आमच्याकडे ताजी ताजी येते. त्यानं सांगितलं, तू तीन फेब्रुवारीच्या बोटीनं विलायतेला निघणार आहेस, तिथल्या चित्रशाळेत तीन वर्षं शिकणार. मुबारक हो रे माझ्या राजा! मी डोळे पुसले आणि शेजारीपाजारी गूळ वाटून आले. मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. त्यानं तुला विचारलं होतं, निघायच्या आधी रेवसला जाऊन येणार ना? आणि तू म्हणालास, तिथं माझा बाप राहत नाही, आपाला सलाम सांग. यूनुस असा गाढव, की हे त्यानं पडवीत उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. आत अब्बा बसले होते. मला म्हणाले, यंदा साडी कोणत्या रंगाची आली गं? मी म्हटलं, हिरवी. म्हणाले, चांगलं केलं पोरानं.

अब्बांना आता हिरवं काय आणि लाल काय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. हात मात्र अजून शहाणा आहे. शिडाचं कापड नुसतं चिमटीत धरून सांगतात की हे दोन हंगाम चालेल, हे चार. शिवायचं काम मी करते. रेवसच्या धक्क्यावर शीड शिवणारी बाई म्हणजे मी एकटी. मचव्यांचे तांडेल आधी फिदीफिदी हसायचे, आता गपगुमान अंगणात येऊन थांबतात. अब्बांचा खोकला वाढला आहे. अलिबागच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा पावसाळा ते बघतील याची खात्री देता येत नाही. आणि आगबोटीची शिटी वाजली की त्यांची मान अजून धक्क्याकडे वळते. कुणाची वाट बघता म्हटलं, तर म्हणतात, कुणाची नाय, वारा कुठला तो बघतो.

हुमा पाखराची गोष्ट त्यांनीच आपल्याला सांगितली होती, आठवतं? हुमा कधी जमिनीवर उतरत नाही, आणि त्याची सावली ज्याच्या डोक्यावर पडते तो बादशहा होतो. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, मी दहाची. अम्मी नुकतीच गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मी तुला कडेवर मारून धक्क्यावर घारींच्या सावल्यांमागे पळायला लागले. घार तरी घार, आपल्याला कुठला हुमा मिळायला! सावली वाळूवरून सुर्रकन जायची, आणि मी तुझं डोकं पुढं करून तिच्याखाली घुसायची. एकदा सुकत टाकलेल्या जवळ्यात दोघंही पालथे पडलो आणि कोळणींनी आपल्या सात पिढ्या उद्धारल्या. पण तुझ्या डोक्यावर सावली पडली होती. मी पाहिली होती. माझ्या डोक्यावर पडली की नाही, हे बघायचं मला तेव्हा सुचलंही नाही.

तोच हुमा तू १९३१च्या उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईच्या चित्रशाळेतून घरी आलास तेव्हा काढलास. चित्रशाळेचं कापड महाग, म्हणून अब्बांकडे शिडाचं कापड मागितलंस. अब्बा कुरकुरले, हे कापड वाऱ्यासाठी असतं, भिंतीसाठी न्हाय. आणि मग गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं, तीन हात लांब, स्वतः कापून दिलं. पंधरा दिवस शीड शिवायच्या मांडवात तू आणि तुझे रंग. झाल्यावर मला बोलावलंस. या अल्ला! वरचं अख्खं पाखरू म्हणजे लाल नि काळे त्रिकोण, एकावर एक चढलेले. चोच नाही, डोळा नाही, पिसं नाहीत. खाली आपली खाडी, तीही तिरपी. माणसं म्हणजे उभ्या रेघा. मी म्हटलं, अरे मेल्या, हे पाखरू आहे की वादळात फाटलेलं शीड? तू पोट धरधरून हसलास, म्हणालास, आपा, तुला एकटीलाच बरोबर कळलं. मला वाटलं, थट्टा करतोस. मी विचारलं, याचे पाय कुठे गेले? तर म्हणालास, हुमाला बसायचंच नसतं, त्याला पाय कशाला? बाकीचा अर्थ विचारला तर सांगेनास. रोज बघत जा, आपोआप दिसेल, एवढंच म्हणालास. अब्बांनी लांबून पाहिलं आणि सांगितलं, नमाजच्या खोलीत नको, मांडवात लाव. तू मांडवात लावलंस आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं गेलास. हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी ऑक्टोबरात न्यायला येतो म्हणालास.

तू रोज बघ म्हणालास आणि मी रोज बघितलं. त्याच वर्षी माझा तलाक झाला होता हे लक्षात घे. चार वर्षं संसार करून मुरुडहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी परत आले होते. पाळणा हलला नाही म्हणून. येणारीजाणारी प्रत्येक बाई माझ्याकडे बघून जीभ टाळ्याला लावून चुकचुकायची. त्या मांडवात दिवसभर शिवत बसायचं, आणि समोर तुझं चित्र. बघता बघता मला दिसलं. हुमाची सावली तू निळी रंगवली होतीस, आणि ती सगळ्या धक्क्यावर पडली होती. तांडेल सावलीत, टोपल्यावाल्या बायका सावलीत, अब्बांची गोल टोपी सावलीत, कुत्रंसुद्धा सावलीत. आणि एका कोपऱ्यात, पिवळ्या रखरखीत उन्हात, एकच बाई बसलेली. मान खाली घातलेली. एकटी. कपाळावर गुलबानू असं नाव लिहायचं तेवढं तू बाकी ठेवलं होतंस.

मला काय झालं ते सांगते. मी तुला कडेवर घेऊन सावलीत पळाले, आणि तू मला उन्हात बसवलंस. माझं नशीब मला ठाऊक होतं रे, पण ते रंगवून माझ्याच समोर टांगायची काय गरज होती? कुणाला सांगणार? अब्बांना सांगायची लाज वाटत होती. तुला लिहावं तर तू शिकलेला माणूस, हसशील. दोन महिने मी ते गिळत राहिले.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दयाराम तांडेल फाटलेलं शीड घेऊन दारात. सगळे मचवे दर्यात निघालेले, हाच मागं राहिलेला. अब्बा हिवतापानं गोधड्यांखाली कुडकुडत पडलेले. नवं कापड संपलेलं, मुंबईचा गठ्ठा यायचा होता. मी म्हटलं, आठवडाभर थांब. तर हा ओरडला, शीड न्हाय दिलंस तर मी काय बायकोचं लुगडं बांधून जाऊ व्हय गो? हे सगळं खरं आहे, समद. आणि हेच मी मनाशी घोकत आले आहे. घाई होती, कापड नव्हतं, अब्बा आजारी होते, रंग लावलेलं कापड पाणी पीत नाही, मग ठिगळाला तेच घेतलं, माझं काय चुकलं? पण मांडवाच्या मागच्या वाशावर जुन्या शिडाचे दोन चांगले तुकडे लटकत होते. मला ते दिसत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि कात्री घेऊन तुझ्या चित्राकडे गेले.

तुझं चित्र मी कापलं. अब्बांनी नाही. मी.

लिहिलं एकदाचं. चार तुकडे केले. पहिली कात्री त्या उन्हातल्या बाईभोवती फिरवली. उरलेले तीन तुकडे, सगळा पंख नि सगळी सावली, दयारामच्या शिडाला लावले, रंगाची बाजू बाहेर. ती बाई चुलीत घालायला म्हणून आत नेली, आणि चुलीपाशी बसून राहिले, आणि शेवटी पेटीच्या तळाशी टाकली. मनातून गार वाटलं. हो, वाटलं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी दयारामचा मचवा खाडीत शिरला आणि उन्हात ते लाल त्रिकोण असे पेटले, की माझ्या हातातली घागर सुटली. मग रोज तेच. लोक त्याला पाखराचा मचवा म्हणायला लागले. दयाराम खुशीत, त्याला मासळी बरी मिळत होती. मी मागच्या दारानं पाणी भरायला लागले.

अब्बा तापातून उठले ते काठी टेकत धक्क्यावर गेले. शिडाचा काठ हातात घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि घरी आले. मला एवढंच म्हणाले, गुलू, टाका फार आवळलायस. रागात शिवू नये, कापड बाजूला फाटतं. का केलंस, कशासाठी केलंस, काही विचारलं नाही. मी म्हणणार होते की मी समदला लिहिते. पण आज लिहू, उद्या लिहू, करत ऑक्टोबर उजाडला.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. तुला आगबोटीतूनच दयारामचं शीड दिसलं. तू दारात उभा राहिलास, पायताणही न काढता, आणि विचारलंस, कुणी केलं हे? माझं तोंड उघडलं होतं. अल्लाची कसम, उघडलं होतं. पण मी एक श्वास थांबले, आणि तेवढ्यात अब्बा म्हणाले, मी कापलं. घरात पाखराची तसबीर नको होती मला. तुला ते लगेच पटलं, कारण नमाजच्या खोलीत नको असं त्यांनीच म्हटलं होतं. तू त्यांना जे बोललास ते मी इथं लिहीत नाही. तू न जेवता परतीच्या आगबोटीनं गेलास. मी तुझ्यासाठी घावन काढले होते, ते तसेच राहिले. संध्याकाळी मी अब्बांच्या पायावर डोकं ठेवलं, म्हटलं, उद्याच मुंबईला जाऊन सांगते. त्यांनी कुराण आणायला लावलं आणि त्यावर हात ठेवून माझ्याकडून कसम घेतली की समदला कधी सांगणार नाही. का, ते तेव्हा बोलले नाहीत. आणि मी नीच, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग तुझी पहिली साडी आली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, त्या घरात माझं माणूस म्हणजे तू एकटी. ती चिठ्ठी मी अब्बांना वाचून दाखवली नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, सर्वांना सलाम लिहिलाय.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. जुनं झालेलं शीड आपल्याकडे परत येतं, पुढच्या ठिगळांसाठी, हा आपला रिवाज तुला माहीत आहे. दयारामनं यंदा नवं शीड करून घेतलं आणि पाखराचं शीड अंगणात आणून टाकलं. अब्बांनी मला हात लावू दिला नाही. चाचपत चाचपत स्वतः एकेक टाका उसवला. माझे ते आवळलेले टाके, त्या आंधळ्या माणसानं नखांनी सोडवले. आठ दिवस लागले. गोड्या पाण्यानं मीठ धुतलं आणि तीन तुकडे एकमेकांना शिवले. काय शिवण आहे, समद! नुसत्या बोटांनी शिवलेली, आणि मला डोळे असून जमणार नाही. मग पंखावरून हात फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, इथून एक दोरी निघालीय, रंग जाड लावलाय, हाताला लागतोय. ही जाते कुठं? चौथा तुकडा कुठाय? ती पांढरी रेघ मी तेव्हा दोन महिने समोर बघितली होती. तुझा ब्रश घसरला असेल असं समजले होते.

मी पेटी उपसली. तळाशी ती बाई होती. आणून तुकड्याला तुकडा लावला. अब्बांचं बोट पंखावरून रेघेनं खाली आलं, कापलेली कड ओलांडली आणि त्या बाईच्या हातात येऊन थांबलं. तिच्या हातात दाभण होती, समद, एवढीशी बारीक रेघ, मी तिला बोट समजले होते. ती दोरी दाभणीत ओवलेली होती. तिची मान कामासाठी खाली होती. हुमाचा पंख ती शिवत होती. मी ओरडले, मग मला एकटीलाच उन्हात का बसवलं यानं? अब्बांना हसू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, अगं वेडे, शिवणारा माणूस उन्हातच बसतो. सावलीत टाका दिसतो का? जन्मभर शिवतेस आणि एवढं कळलं न्हाय?

फाटलेलं शीड म्हटलं तेव्हा तू का हसलास ते मला त्या दिवशी कळलं. मी अंगणातच बसले आणि रडले, अशी रडले की शेजारची सगुणा धावत आली.

मी अब्बांना म्हटलं, आता तरी लिहू द्या. ते म्हणाले, न्हाय. आणि मग त्यांनी कारण सांगितलं. म्हणाले, बापावरचा राग आज ना उद्या पोरगा विसरतो, बाप मेला की तरी विसरतोच. पण बहिणीवर त्याचं मन विटलं तर माझ्यामागं तुला दार कोण उघडेल? नवरा नाय, मूल नाय. तुला त्याच्याशिवाय कोण आहे? म्हणून मी कापलं म्हणालो. तसंच राहू दे. अशा रीतीनं तुझ्या बापानं माझ्या म्हातारपणाची सोय केली आहे, स्वतःचा मुलगा देऊन. आणि मी चार वर्षं त्या सोयीत राहिले, तुझ्या साड्या घेत.

ती कसम आज मी मोडते आहे. मौलवींना विचारून घेतलं, कसम मोडल्याची भरपाई म्हणून हे पत्र टपालात पडलं की दुसऱ्या दिवसापासून तीन रोजे धरीन. तुझ्याकडे मी माझ्यासाठी माफी मागत नाही, आणि त्यांच्यामागं तुझं दार मला बंद झालं तर तो तुझा हक्क आहे. थळला रेहाना खाला आहे, आणि माझ्या हातात दाभण आहे, उपाशी मरणार नाही. पाचही साड्या कागदात बांधून ठेवल्या आहेत, म्हणशील तर परत देईन. पण तीन फेब्रुवारीच्या आधी एकदा ये. तू तीन वर्षांनी येशील तेव्हा ते नसतील. ते पुन्हा तुला म्हणतील, मीच कापलं. म्हणू दे. खोटं का बोलता असं विचारू नकोस, आणि मी लिहिलं हे कळू देऊ नकोस, त्यांना वाटू दे की मुलगा आपणहून आला. चौथा तुकडा अजून शिवलेला नाही. अब्बा म्हणतात, ज्यानं कापलं त्यानं शिवावा. मी म्हणते, ज्याचं आहे त्याला विचारून शिवावा. मी रोज आगबोटीच्या वेळेला धक्क्यावर उभी असेन. माझं काय करायचं ते मला तिथंच सांग, चार माणसांत बोललास तरी चालेल, आणि मग तसाच घरी जाऊन त्यांच्या शेजारी बस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच, साडी न नेसलेली
आपा